दोन नावांचं रक्त

माझे सासरे जानराव बसमध्ये कंडक्टरने दिलेलं तिकीट आधी उजेडाकडे धरतात, मग वाचतात, मग उलटं करून मागची कोरी बाजू बघतात. मागे काय असणार? काहीच नसतं. पण "काई नसते म्हनूनच पाह्याचं," असं त्यांचं म्हणणं. लग्नपत्रिका आली की तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून बघणार. गॅसचं सिलिंडर आलं की उचलून, हलवून, कान लावून बघणार. मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझी डी.एड.ची मार्कशीट मागितली आणि तिच्यावरचा शिक्का अंगठ्याने घासून पाहिला. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या मागे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई लिलाबाई, तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या हसण्यावर भाळून मी हो म्हटलं.

लोक मला विचारतात, यांना कुणी फसवलं होतं का? खास कुणी नाही. संशयाला कारण लागतं असं कोणी सांगितलं? काही माणसं डावखुरी जन्मतात, तसे आमचे मामाजी, म्हणजे सासरे, संशयी जन्मले. अकोल्याकडच्या शिरपूरला आमची थोडी शेती आहे, सोयाबीन आणि तूर निघते, आणि या स्वभावाचा शेतीत फायदाच झाला. मालेगावच्या बाजार समितीतली गोष्ट तर अजून गावात सांगतात. सोयाबीन विकायला नेलं की व्यापारी मूठभर दाणे यंत्रात टाकतो आणि 'हवा' किती ते सांगतो. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. हवा जास्त निघाली की भाव पडला. यंत्र व्यापाऱ्याचं, आकडा त्याचा, शेतकऱ्याने नुसती मान हलवायची. मामाजींनी काय केलं, एकाच मळणीच्या सोयाबीनचे दोन वाटे केले. एक वाटा स्वतःच्या नावावर, दुसरा मेहुण्याच्या नावावर, आणि दोघं समोरासमोरच्या दोन दुकानांत उभे राहिले. एका यंत्राने हवा अकरा सांगितली, दुसऱ्याने पंधरा. मग जो गोंधळ झाला त्यात मामाजींचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता म्हणे. व्यापाऱ्याला यंत्र बदलावं लागलं. तेव्हापासून गावात कुणाला कशाची शंका आली की लोक म्हणतात, "जानरावले इचारा, थो दोन नावानं नमुना लावीन."

एका माणसावर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. आत्याबाईंनी वाढलं ते खाल्लं, आत्याबाई म्हणाल्या ते खरं. घरातल्या पेटीला कुलूप, कुलपाला ओढून बघायची सवय, आणि किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. मी नवी होते तेव्हा मला याचा राग यायचा. माझ्या चहात साखर किती ते विचारायचे आणि आत्याबाईंचा चहा डोळे मिटून प्यायचे!

आजार आला तो नाकातून. सकाळी नाक शिंकरलं की रक्ताच्या खपल्या पडायच्या. सगळे म्हणाले उष्णता आहे, कांदा हुंगा. मग एक कान बसला. मग गुडघे धरले, नडग्यांवर लाल ठिपके उठले, खोकला लागला. टीबी असेल म्हणून थुंकी तपासली, तर त्यात काही निघालं नाही. मामाजी म्हणाले, "यायले काईच समजत नाई, आन समजते असं दाखवून राह्यले." शेवटी लघवी चहाच्या रंगाची झाली, तेव्हा माझ्या नवऱ्याने, अश्वजितने, त्यांना अकोल्याला नेलं. मी आणि आत्याबाईही गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला आणि आजाराचं नाव सांगितलं. व्हॅस्क्युलायटिस. रक्तवाहिन्यांची सूज.

मॅडम म्हणाल्या, "काका, आपल्या रक्तात अँटीबॉडी असतात. बाहेरून आलेला जंतू धरायचा हे त्यांचं काम. तुमच्या रक्तात काही अँटीबॉडी आपल्याच पांढऱ्या पेशींना धरतायत. त्या भांडणात बारीक रक्तवाहिन्या सुजतात. नाकातल्या, फुप्फुसातल्या, किडनीतल्या."

मामाजींनी विचारलं, "म्हंजे घरच्याइवरच संशय?"

"तसंच समजा."

परतीच्या बसमध्ये अश्वजित मला हळूच म्हणाला, "बाबानं बिमारीबी आपल्या सोभावाचीच निवडली." मागच्या सीटवरच्या आत्याबाईंनी ते ऐकलं आणि त्या हसल्या. मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत राहिल्या.

सलाइनमधून औषधं झाली, गोळ्या सुरू झाल्या. ठिपके गेले, खोकला गेला, लघवीचा रंग सुधारला. किडनी पूर्ण नीट झाली नव्हती, पण चालत होती. दर तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासून मॅडमना दाखवायची. तपासण्यांत एक त्या अँटीबॉडीची होती, अँका नावाची. मामाजींचं सगळं लक्ष त्या एका आकड्यावर. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आकडा कामाचा आहे, पण एकट्या आकड्यावर जाऊ नका. कुणाचा आकडा चढतो आणि वर्षभर काही होत नाही. कुणाचा उतरलेला असतो आणि आजार उलटतो. मी आकडा बघते, लघवी बघते, किडनीचं रक्त बघते आणि तुम्हाला बघते. नाकातून रक्त आलं, पाय सुजले, तर आकड्याची वाट न बघता यायचं."

कुणाही शहाण्या माणसाला यात सावधपणा दिसला असता. मामाजींना पळवाट दिसली. "पाह्य," ते मला म्हणाले, "चढला तरी तिचंच खरं, उतरला तरी तिचंच खरं. व्यापारी तरी एक भाव सांगते."

आणि नेमकं झालंही तसंच. पुढच्या तपासणीत आकडा चढून बावन्न झाला. मामाजी आतून हादरले होते, हे त्यांनी बसमध्ये तिकीट न बघताच खिशात घातलं त्यावरून अश्वजितला कळलं. मॅडमनी लघवीचा रिपोर्ट पाहिला, नडग्या पाहिल्या, नाकात बॅटरी लावली आणि म्हणाल्या, "सगळं शांत आहे. औषध वाढवत नाही. लक्ष ठेवू." झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. आकडा चढला तर औषध काहून नाही वाढवलं? औषध वाढवायचंच नव्हतं तर आकडा कायले काढला? आणि आकडा मुळात चढला कशावरून? मालेगावच्या रक्ताच्या दुकानातला पोरगा राजू, त्याने नळ्याच बदलल्या असतील तर? त्याचं यंत्रच खोटं असेल तर?

ते रक्ताचं दुकान म्हणजे नमुने गोळा करायचं केंद्र. राजू तिथे रक्त घेतो आणि नमुने अकोल्याला पाठवतो. यंत्र त्याच्याकडे नाहीच. मी हे समजावून सांगितलं तर मामाजी म्हणाले, "म्हंजे मधात अजून एक दलाल."

तपासणीला एरवी अश्वजित न्यायचा. पुढच्या खेपेला मामाजी म्हणाले, लिला येईल सोबत. मला नवल वाटलं, कारण आत्याबाईंना बस लागते, मालेगाव म्हटलं की त्या कनवटीला लिंबू ठेवतात. दोघं सकाळी उपाशीपोटी गेली आणि दुपारी परत आली. संध्याकाळी आत्याबाई भाकरी थापत होत्या तेव्हा त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला मला निळा डाग दिसला.

"आत्याबाई, हे काय झालं?"

"बकीट लागली वं."

बकीट लागते ती गुडघ्याला, नडगीला. कोपराच्या आत कशी लागेल? पण त्यांनी भाकरी इतक्या जोरात थापायला घेतली की मी गप्प बसले.

रिपोर्ट मामाजींनी स्वतः जाऊन आणला. जानरावांचा अँका निगेटिव्ह! किडनीचं रक्त उत्तम. लघवी स्वच्छ. अश्वजितने पेढे आणले. दोघं बापलेक रिपोर्ट घेऊन अकोल्याला गेले. मॅडम त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या, असं अश्वजित सांगत होता. मग त्यांनी विचारलं, "नाक?" मामाजी म्हणाले, कोरडं. "थकवा?" नाही. "इतकं छान? बरं. पण पुढच्या महिन्यात रक्त इथेच द्यायचं, माझ्यासमोर." आणि त्यांनी स्टेरॉइडची गोळी कमी केली.

घरी आल्यावर मामाजी खाटेवर बसले, आरामात पाय हलवले आणि म्हणाले, "राजूचं काम सच्चं हाये बरं."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. या घरात आल्यापासून मी त्यांच्या तोंडून दूधवाला सच्चा, दुकानदार सच्चा, मास्तर सच्चा असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कुणाला सच्चं म्हटलं की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मग मी बघायला लागले. सकाळी त्यांचा चेहरा सुजलेला दिसे. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्यांचे वळ पायावर रुतलेले. आणि ज्या माणसाने आयुष्यात स्वतःची कपबशी विसळली नाही, तो माणूस स्वतःचा टॉवेल स्वतः धुवायला लागला होता. का धुतो? मी दोरीवरचा टॉवेल उलगडून पाहिला. साबणाने न गेलेले तपकिरी डाग होते. मी गोळ्यांची पाकिटं तपासली, गोळ्या फेकतात की काय म्हणून. तसं नव्हतं. मग माझा संशय मॅडमवर गेला, गोळी का कमी केली? मग राजूवर. मी जुने रिपोर्ट काढून नव्याशेजारी ठेवले. ज्या किडनीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, आजारी पडल्यापासून कधी दोनच्या खाली आलं नव्हतं, ते एकदम पॉइंट सात? तरण्याताठ्या माणसासारखं?

अश्वजितला दाखवलं तर तो चिडला. "चांगलं झालं तरी तुले पटत नाई. बाबाची हवा लागली तुले."

लागली असेल. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्कूटी काढली आणि सरळ मालेगाव गाठलं.

राजू दुकानात एकटाच होता. मी रिपोर्ट त्याच्या टेबलावर आपटला आणि म्हटलं, "कोणाचं रक्त आमच्या सासऱ्यांच्या नावावर खपवलंस? माणूस मरेल इकडे!" तो पोरगा पांढराफटक पडला. नमुने कसे जातात, कसे येतात, सगळं सांगायला लागला. मी ऐकून घेत नव्हते. मी शाळेतल्या आवाजात बोलत होते, बाहेर दोन माणसं थांबून बघायला लागली. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "ताई, मी कायले बदलू? त्या दिवशी दोघंच तर होते. काका आन तुमच्या सासूबाई. दोघाइचंबी सारखंच काढलं, काकाच म्हनले होते, बाईचंबी तेच सारं काढ म्हनून."

"सासूबाईंचं रक्त? त्यांना काय झालंय?"

"मले काय माहीत. त्यांचा रिपोर्टबी काकाच घेऊन गेले."

मला तो निळा डाग आठवला. मी राजूला विचारलं, नळ्यांवर नावाच्या पट्ट्या कधी लावल्या? तो खाली बघायला लागला. लाइट गेली होती, पट्ट्या नंतर छापून लावल्या, तोवर नळ्या टेबलावर होत्या, आणि तो इन्व्हर्टर बघायला आत गेला होता. काका टेबलाजवळच बसले होते.

घरी आले तेव्हा आत्याबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी हेल्मेटही काढलं नाही. "आत्याबाई, मामाजींच्या नावावर तुमचं रक्त गेलं ना?"

सूप थांबलं. त्यांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं. आत मामाजी झोपले होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता.

"यायनं म्हटलं, नमुना पाह्याचा हाये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माहं याईच्या नावावर, याईचं माह्या नावावर. थो पोरगा आत गेला आन यायनं नळ्या इकडच्या तिकडं केल्या. लघवीच्या डब्या तर मीच बदलल्या. म्हने खोटं यंत्र असंल तर पकडल्या जाईन. आन म्हने कोनाले सांगू नोको."

"आणि तुम्ही सांगितलं नाही. नाकातून रक्त येतंय ते पण माहीत होतं?"

त्यांनी मान हलवली. माहीत होतं. टॉवेल धुवायला साबण त्याच काढून देत होत्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सूप हिसकावून फेकून द्यावंसं वाटलं. हसरी, गोड, भोळी बाई! मी सगळ्या जगावर संशय घेतला आणि हिच्याकडे पाहिलंच नाही.

मी आत गेले. मामाजी जागे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता, उलट जिंकल्याचा होता. उशाखालून त्यांनी दुसरा रिपोर्ट काढला, लिलाबाईंच्या नावाचा. "घे, पाह्य. माहं रक्त तिच्या नावानं गेलं, तरी त्यायनं बिमारी बराबर धरली. तिचं माह्या नावानं गेलं, तरी निरोगीच म्हटलं. यंत्र सच्चं हाये. मी तपासलं."

"मग हा तुमचा खरा रिपोर्ट मॅडमना काहून नाही दाखवला?"

"नाव तिचं हाये ना त्याच्यावर. काय सांगू, चोरी केली म्हनू? आन दाखवाचं काय त्याच्यात? आकडा पाह्य. बावन्नाचा अडतीस झाला. उतरून राह्यला आपोआप."

आकडा खरंच अडतीस होता. मी पान उलटलं. क्रिएटिनिन दोन पॉइंट सहा. लघवीत रक्त भरपूर, प्रोटीनपुढे अधिकच्या तीन खुणा. हा कागद किती तरी दिवस या उशाखाली होता आणि त्यावर हा माणूस आरामात झोपत होता.

"मामाजी, हे खालचं वाचलं?"

"थे काय हाये?"

"बाजारात नुसती हवा पाहून सोयाबीन घेते का कोनी?" मी ओरडले. "माती पाहते, डाग पाहते. हवा दहाच्या आत हाये आन दाना सडला असंल तर? तुमीच सांगता ना साऱ्या गावाले!"

मामाजी उठून बसले. काहीतरी बोलणार होते, पण खोकला आला. टॉवेल तोंडाला लावला, आणि या वेळी तो लपवायला त्यांना वेळ मिळाला नाही. लालभडक होता.

अश्वजितने गाडी सांगितली. पातूरचा घाट उतरून आम्ही अकोल्याकडे निघालो. आत्याबाई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांना गाडी लागली नाही.

मॅडमनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "काका, मी तुमच्या बायकोच्या किडनीवर विश्वास ठेवून तुमची गोळी कमी केली." मग त्यांनी नर्सला हाक मारली आणि पुढे सगळं फार घाईत झालं. फुप्फुसात रक्त उतरलं होतं, किडनी बसत चालली होती. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. सलाइनमधून पुन्हा ती सगळी जालीम औषधं. ते वाचतील का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. अश्वजितने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "वाचवायचा प्रयत्न चाललाय. किडनीचं काही सांगत नाही."

वॉर्डाबाहेर त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला दिसत होतं ना सगळं? का नाही सांगितलं?"

आत्याबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. "बाई, यायनं साऱ्या दुनियेवर संशय घेतला. जल्मभर. माह्यावर कधी नाई घेतला. म्हनून माह्यानं सांगवलं नाई."

माझा राग तिथे संपला. त्यांच्याजवळ तेवढीच एक कमाई होती आणि ती त्यांना मोडवली नाही. त्यापायी नवरा जात होता, आणि ते त्यांना टॉवेलासाठी साबण देताना रोज दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "आता तो भरवसा मोडा. मला तुमची गरज आहे."

मामाजी वाचले. डायलिसिस काही आठवडे चाललं आणि सुटलं, किडनी अर्धीअधिक गेली, उरली तेवढ्यावर चाललंय. ऐकू मात्र एकाच कानाने येतं. मी राजूकडे जाऊन माफी मागितली. तो आता सुई टोचायच्या आधी पट्टी लावतो आणि नाव मोठ्याने विचारतो, मग समोर स्वतःची आई बसलेली असली तरी.

मॅडमनी आत्याबाईंना एक डबी दिलीय. तिच्यात कागदी पट्ट्या असतात. सकाळच्या लघवीत पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर प्रोटीन जातंय. हिरवी दिसली की अकोल्याला फोन करायचा, आकड्याची वाट बघायची नाही. आत्याबाई हे काम मोठ्या निष्ठेने करतात. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाच्या पिशवीत डोकावून पाहिलं नाही, ती आता नवऱ्याचा टॉवेल हुंगते, पाय दाबून खड्डा पडतो का बघते, झोपेत त्याचा श्वास ऐकते. मामाजी कुरकुरतात, "सीआयडी लावली माह्यामागं." मी म्हणते, बरं झालं, तुम्हालाही कळू द्या कसं वाटतं ते.

मागच्या आठवड्यात सकाळी मी शाळेची तयारी करत होते. आत्याबाई मोरीतून बाहेर आल्या. हातात पट्टी होती. चालत अंगणात गेल्या, तिथून परत आल्या, आणि खाटेसमोर उभ्या राहिल्या.

"हिरवी हाये," त्या म्हणाल्या.

मामाजी चहा पीत होते. "डबी जुनी झाली असंल. ओल लागली असंल."

"दोनदा पाह्यली. दुसरीबी हिरवी हाये. आन काल पायाले खड्डा पडला होता, तुमी झोपले होते. अकोल्याले जा लागते."

मामाजींनी चहा खाली ठेवला. आत्याबाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळले आणि आवाज खाली करून, पण एका कानाने ऐकणाऱ्या माणसाचा आवाज खाली जाऊन किती जाणार, विचारलं, "दीपा, थे खरं सांगून राह्यली ना?"

आत्याबाईंचा चेहरा मी पाहिला आणि वाटलं, त्या आता रडतील. इतकी वर्षं जे एक सांभाळलं होतं, ते माझ्यासमोर, सकाळच्या चहाबरोबर गेलं. पण त्या रडल्या नाहीत. एक पाऊल पुढे आल्या आणि पट्टी मामाजींच्या हातात ठेवली.

"घ्या. तुमीच पाह्या. दारात उजेड हाये."

मामाजींनी पट्टी दोन बोटांत धरली. हात सवयीने दाराच्या उजेडाकडे उचलायला लागला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी पट्टी न बघताच आत्याबाईंना परत दिली.

"अश्वजितले उठव," ते मला म्हणाले. "गाडी सांगा म्हना."